तुमच्या बाटल्यांविषयी थोडंसं

ती. दादांच्या सेवेशी,

चष्मेवाल्याचा एका डोळ्याने नमस्कार. (दुसऱ्यावर पट्टी आहे. का आहे ते पुढे ओघाने येईलच. ओळी उजव्या बाजूला खाली घसरत गेल्या असतील तर तो आपला अनादर समजू नये. मला त्या सरळ दिसताहेत.)

आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? शेडच्या छताला कुकरचं झाकण लागून जे भोक पडलं होतं ते बुजवलंत की अजून पातेलंच लावून ठेवलं आहे? इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर तुमची बहीण खुशाल आहे आणि मी थकलो आहे. जीभ थकली, पोट थकलं, आता एक डोळाही थकला. आणि या सगळ्याचं मूळ शोधत गेलं तर ते थेट तुमच्या शेडमध्ये पोहोचतं, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. तुमच्या सॉसविषयी माझ्या मनात कसलाही किंतु नाही. उभं आयुष्य तुम्ही रंगाच्या कारखान्यात रंग ढवळलात, निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून मिरच्या ढवळायला घेतल्यात. मी समजू शकतो. (लेबलवर तुम्ही 'वापरण्यापूर्वी चांगले हलवा' आणि 'उघड्या ज्योतीपासून दूर ठेवा' असं लिहिता. ही जुन्या नोकरीची सवय आहे की नव्या मालाचा गुण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) तुमच्या चार प्रतीही मला तोंडपाठ आहेत: 'सौम्य', 'बऱ्यापैकी', 'जपून' आणि 'मला विचारू नका'. दर पार्सलमधून या चारही येत आणि इतकी वर्षं आम्ही त्या आदराने ओट्याखालच्या कपाटात ठेवत आलो. एकदा मोरी तुंबली होती तेव्हा 'मला विचारू नका'चा उपयोग करून पाहिला. मोरी त्यानंतर आजतागायत तुंबलेली नाही. ही तक्रार नव्हे, प्रशस्तिपत्र आहे.

माझी तिखटाची पोच किती, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. तुमच्या घरात नव्या जावयाला पहिल्या जेवणात चमचाभर मिरचीचा ठेचा देतात आणि त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो गिळायचा असतो. तुमच्या वडिलांनी तो मला दिला, मी गिळला, आणि मग चेहऱ्यावरच्या रेषांचं जे व्हायचं ते झालं. तुम्ही माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलंत. ते तोंडात ओतायचं होतं हे मला सांगताही येत नव्हतं. तेव्हापासून घरात मिरपूड दिसली तरी मी खिडकी उघडतो. तर असा हा माणूस या वयात तिखटाच्या वाटेला का गेला, ते सांगतो.

गेल्या हिवाळ्यात हिला ताप आला होता, ते तुम्हाला कळवलंच होतं. ताप गेला, पण जाताना हिची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला, हे मात्र हिने तुम्हाला कळवू दिलं नाही. (आता कळवतो आहे, हिला सांगू नका.) जिन्यात उभं राहून शेजारच्या घरात काय करपलं ते सांगणारी बाई, दादा! तिला कॉफी आणि गरम पाणी यांतला फरक कळेना. काहीही खाल्लं तरी कागद चघळल्यासारखं वाटतं म्हणायची. एक दिवस सूपमध्ये हिने मिठाच्या जागी साखर घातली. मी मुकाट्याने खाल्लं, पण माझा चेहरा मुकाट्याने काही करू शकत नाही, हे तुम्ही जाणताच. हिने माझ्याकडे पाहिलं, चमचा खाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. रडली असती तर मी काही तरी केलं असतं. ती नुसती बाहेर बघत राहिली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आणि त्याच सुमारास तुमचं पार्सल आलं. काय वाटलं कोण जाणे, हिने 'जपून'चा एक थेंब उकडलेल्या अंड्यावर टाकला आणि तोंडात घातला. मी पाण्याचा जग घेऊन उभाच होतो. पण हिचा चेहरा असा उजळला की मी जग हातात धरूनच खाली बसलो. "लागतंय! अहो, लागतंय!" एवढंच म्हणत राहिली. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की तिखट ही चव नव्हेच, तो चटका आहे, त्याचा मेंदूकडे जाण्याचा रस्ता निराळा, आणि तो रस्ता तापाने बंद केलेला नाही. म्हणजे घराचे सगळे दिवे गेले होते आणि हिला एक मेणबत्ती सापडली. त्या दिवसापासून अंडं, बटाटा, पाव, भात, जे ताटात येईल त्यावर लाल थेंब. पंधरवड्यात बाई 'मला विचारू नका'वर गेली. (तुमचंच रक्त.)

मला आनंद झाला, खरंच झाला. अडचण एवढीच की हिने बाटली उघडली की मला ठसका लागे, आणि पातेल्यात ओतली की शिंका सुरू होत. एकदा सलग इतक्या शिंका आल्या की माझा स्वतःचा चष्मा सूपमध्ये पडला. तेव्हा हिने समजूतदारपणा दाखवला. (हिचा समजूतदारपणा मला फार महागात पडतो.) माझं ताट बाहेरच्या खोलीत मांडलं आणि स्वतः आत, स्वयंपाकघराची खिडकी उघडून, ओट्याशी उभ्याने जेवायला लागली. मध्ये दार लावलेलं. मला पलीकडून हिचा चमचा ऐकू यायचा. दादा, लग्न झाल्यापासून आम्ही रोज एका टेबलाशी बसून भांडत आलो. पडद्यांचा रंग, माझ्या आईचं घड्याळ भिंतीवर कुठे लावायचं, तुमचा मोठा मुलगा स्वभावाने कोणावर गेला, विषय ठरलेले आणि आवाजही ठरलेले. आता मी भिंतीकडे तोंड करून जेवत होतो आणि भिंत काही उलटून बोलत नव्हती. मला एकट्याने जेवता येत नाही, हे मला या वयात कळलं. दोन घास कमी जाऊ लागले, पँट सैल झाली, दुकानात फ्रेमा उगाच पुसत बसायची सवय लागली.

म्हणून ठरवलं, की हिला माझ्या बाजूला आणता येत नसेल तर आपण हिच्या बाजूला जायचं. जीभ तयार करायची, आणि ताट उचलून सरळ आत जाऊन बसायचं. हिला आधी सांगायचं नाही, कारण सांगितलं असतं तर हिने मला थांबवलं असतं, आणि मी थांबलो असतो.

आता आमच्या धंद्यात एकदम मोठा नंबर कोणाला देत नाहीत. पाव-पाव नंबरने चढायचं, डोळ्याला सवय होऊ द्यायची, मग पुढची काच. जिभेलाही हाच न्याय लावायचा असं मी ठरवलं. पण बाटलीतून सॉस ओतला की तो पाव नंबराने येत नाही, भसकन येतो. तेव्हा मला एक युक्ती सुचली आणि त्या क्षणी मी स्वतःवर खूश झालो होतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. डोळ्यांत औषध घालायची रिकामी बाटली मी स्वच्छ धुतली, उकळली आणि ही आंघोळीला गेली की ओट्याखालच्या तुमच्या बाटलीतून ती भरू लागलो. काय सुंदर थेंब पडतो म्हणता! एकसारखा, गोल, मोजून मापून. जगातल्या कुठल्याही तिखट खाणाऱ्याला ही सोय सुचली नसेल. (का सुचली नसेल ते पुढे कळलं.) बाटली कोटाच्या वरच्या खिशात, पावाचा तुकडा ड्रॉवरमध्ये, आणि गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत एक एक थेंब.

'सौम्य'ने सुरुवात केली. तुम्ही 'सौम्य' हा शब्द कुठल्या अर्थाने वापरता, दादा? पहिल्या थेंबाला कान तापले, दुसऱ्याला नाक वाहू लागलं, तिसऱ्याला ब्रह्मांड आठवलं. पाणी प्यायलो तर आग आणखी पसरली. मग कोणीतरी सांगितलं की दूध घ्यावं, म्हणून काउंटरखाली दुधाची बाटली ठेवू लागलो. शेजारच्या लाँड्रीतली मांजर दुकानात येऊन बसू लागली. गिऱ्हाइकं तिला ओलांडून खुर्चीपर्यंत येत.

धंद्यावर परिणाम झाला नाही असं म्हणता येणार नाही. पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, वयस्कर, सुईत दोरा ओवता येईना म्हणून आल्या होत्या. मी नुकताच चौथा थेंब घेतला होता. त्यांना खुर्चीत बसवलं, तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली आणि दिवा घेऊन त्यांच्या डोळ्यात पाहायला वाकलो. तेवढ्यात माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाक ओढलं. मग त्यांनी फार शांतपणे विचारलं, "स्पष्ट सांगा, किती दिवस उरलेत?" मी म्हणालो, आजी, काही झालेलं नाही, साधा वाचायचा नंबर आहे. पण ते म्हणताना माझा आवाज कापत होता, ओठ थरथरत होते, आणि सांत्वन करणाराच असा रडत असेल तर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी उलट माझ्याच खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी शिलाई मशीन भाचीच्या नावाने करून टाकलं. नवा चष्मा घातल्यावर त्यांना स्वच्छ दिसू लागलं, मशीन मात्र भाचीने परत दिलेलं नाही, आणि त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

असे आठवडे गेले. 'सौम्य' झालं, 'बऱ्यापैकी' झालं, आणि 'जपून'ला मी अडकलो. एका थेंबापुढे जाता येईना. जीभ सोलून निघाली, रात्री पोटात कालवाकालव, सकाळी जे काही सोसलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. हात टेकावेत असं मनात येत होतं. आणि मग अचानक एका आठवड्यात, कसं ते देव जाणे, जमलं! आदल्या सोमवारी दुसरा थेंब जाईना, आणि पुढच्या सोमवारी चार थेंब घेऊन मी गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत उभा. आग होती, पण सोसवेल अशी. वर एक आंबटगोड लज्जतही लागू लागली. जाणकार सांगतात ना, की चटक्याच्या पलीकडे गेलं की खरा स्वाद कळतो, तसं. मी पलीकडे गेलो होतो.

त्याच दिवशी दुपारी मी ताट उचललं, मधलं दार उघडलं आणि आत जाऊन टेबलाशी बसलो. ही ओट्याशी उभी होती. मी 'जपून'ची बाटली ओढली, बटाट्यांवर सढळ हाताने शिंपडली, खाल्लं, आणि ठसका लागला नाही. ही माझ्याकडे बघतच राहिली. मग खुर्ची ओढून समोर बसली. आता बोलायला तर काही तरी हवं, म्हणून मी विचारलं, "आज तिखट कसं आहे?" हिने एक घास घेतला, नीट विचार केला आणि म्हणाली, "जहाल." मग मला म्हणाली, पण तुम्हाला सोसतंय का? मी म्हणालो, यात सोसायचं काय आहे. आणि मग पडद्यांवरून आमचं असं कडाक्याचं भांडण झालं की सूप थंड झालं. दादा, मी इतक्या दिवसांनी पोटभर जेवलो. त्यानंतर रोज समोरासमोर. रोज मी विचारायचं, आज तिखट कसं आहे, आणि हिने चाखून, भुवया वर करून काहीतरी सांगायचं. गेले काही आठवडे आमच्या घरात इतके बरे गेले की मला त्यांची भीतीच वाटायला हवी होती.

कारण माणूस सुखात असला की शेफारतो. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी तिखटप्रेमी मंडळ भरतं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश आहेत, बाकी सभासद पाच-सहा, सगळ्यांची नाकं लाल. रीत अशी की बाटली डावीकडून उजवीकडे फिरते, आणि ती अध्यक्षांपर्यंत परत येईपर्यंत कोणी दुधाला हात लावायचा नाही. ज्याने लावला त्याने उभं राहून 'मी माझी पायरी विसरलो' असं मोठ्याने म्हणायचं. मी पाहुणा म्हणून गेलो. आणि पहिलीच बाटली समोर आली ती तुमची! तुमचं अक्षर, तुमचं 'जपून'. (अध्यक्षांना तुम्ही पोस्टाने पाठवता हे मला तुमच्याकडून कळायला हवं होतं.) मला अभिमानाचं भरतं आलं. मी म्हणालो, हे तर आमच्याकडे रोजच्या जेवणात असतं. सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. त्या आदराच्या भरात मी थेंब घेतला नाही, चमचा घेतला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोणीतरी किंचाळत होतं, तो मीच होतो. दुधाचं भांडं मंडळाचं सामाईक होतं, ते मी एकट्याने संपवलं, आणि मग खिडकीतून तोंड बाहेर काढून लटकत राहिलो. खाली लाँड्रीवाला वाळत घातलेल्या चादरी घाईघाईने आत घेत होता. 'मी माझी पायरी विसरलो' हे वाक्य म्हणायला लावलं तेव्हा माझ्या तोंडून एकही व्यंजन निघालं नाही, म्हणून अध्यक्षांनी निकाल पुढच्या रविवारपर्यंत राखून ठेवला. आता तुम्हीच सांगा, दादा, घरी जे मी बटाट्यांवर शिंपडतो तेच तिथे मला आडवं कसं करतं? माझी स्पष्ट तक्रार आहे की तुमचा माल एकसारखा नसतो. रंगाच्या कारखान्यात एका डब्यात गुलाबी आणि दुसऱ्यात लालभडक असा रंग भरलात तर चाललं असतं का? हा हलगर्जीपणा तुम्हाला शोभत नाही.

आणि आता डोळा. इतके दिवस रडून रडून माझे डोळे कोरडे पडले होते, म्हणून समोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते. तेही कोटाच्या वरच्या खिशात ठेवत असे. तुमच्यासारख्या हुशार माणसाला याहून जास्त सांगायला नको, तरी सांगतो. एक बसचालक नंबर काढायला आले होते. त्यांच्या देखत मी मान मागे टाकली, पापणी ओढली आणि उजव्या डोळ्यात 'जपून'चा एकसारखा, गोल, मोजून मापून थेंब सोडला. मी खुर्चीवरून उठलो ते थेट अक्षरांच्या तक्त्यावर आदळलो. बसचालक धिप्पाड. त्यांनी मला गाठोड्यासारखं खांद्यावर टाकलं आणि रस्ता ओलांडून डॉक्टरांकडे नेलं. वाटेत सगळ्या गाड्या त्यांनी हात दाखवून थांबवल्या. डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात काय घातलंत? मी म्हणालो, जपून. ते म्हणाले, जपून घातलंत ते ठीक, पण काय? असं आमचं बराच वेळ चाललं होतं आणि तोवर डोळा पेटतच होता.

शेवटी नळाखाली धरून धुतला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, मिरचीच्या मानाने जोर कमी दिसतो. (मी त्यांना सांगितलं की जोर कमी नाही, माझी तयारी जास्त आहे. त्यांनी दुसऱ्या डोळ्यात दिवा मारून पाहिलं.) उजव्यावर आठवडाभर पट्टी, आणि पहिले दोन दिवस डावाही मिटून पडून राहायचं. डोळ्यांचा माणूस डोळे बांधून घरी आला ते सगळ्या रस्त्याने पाहिलं. खिशातल्या बाटलीचं सगळं बिंग हिच्यापुढे फुटलं. मला वाटलं होतं बोलेल. कोट काढून घेतला, पलंगावर निजवलं, उशी नीट केली आणि दोन दिवस स्वतःच्या हाताने भरवलं, साधं सूप, साधा भात. एकदा मात्र माझ्या कपाळावर बराच वेळ हात ठेवून बसली होती.

तेव्हा दादा, या सगळ्यावरून माझी आपल्याला हात जोडून विनंती की यापुढे कृपा करून पार्सल पाठवू नये. मी हरलो. माझं वय नाही, जीभ नाही, आणि आता डोळाही एकच आहे. हिला तिखट हवं असेल तर बाजारातून साधी बाटली आणू. मी बाहेरच्या खोलीत बसेन. भिंतीशी माझी ओळख आहेच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक द्या, सॉस चोळू नका.

आपला थकलेला,
चष्मेवाला

ता. क. – वरचं लिहून पत्र घडी घालायला घेतलं आणि एक गोष्ट आठवली. आठवली म्हणजे काय, ती कालपासून डोक्यात घोळते आहे, पण लिहावी की नाही ते ठरत नव्हतं. मला भरवताना ही सूप गरम आहे का ते आधी स्वतः चाखून पाहत होती. काल दुपारी चाखलं आणि आपल्याच नादात म्हणाली, "मीठ कमी पडलंय," आणि उठून मीठ घेऊन आली. मी घास गिळला. डोळे मिटलेलेच होते म्हणून बरं. दादा, हिला मीठ कळलं! हिची चव परत आली आहे. केव्हा आली, मला ठाऊक नाही. तरीही रोज माझ्यासमोर बसून तिखट शिंपडते, आणि मी विचारलं की भुवया वर करून "जहाल" म्हणते. माझ्यासाठी खाते हो ती. तिला वाटतं मला आवडतं.

ता. क. २ – मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. विचारलं तर ती हसेल, बाटल्या पुन्हा ओट्याखाली जातील, आणि मग जेवताना मी काय बोलू? 'आज तिखट कसं आहे' याशिवाय तिला विचारायला माझ्याकडे दुसरा प्रश्नच नाही, दादा. पडदे सोडले तर. तेव्हा पार्सल बंद करण्याविषयी वर जे लिहिलं ते सगळं खोडलं असं समजा. पार्सल पाठवाच. बाटली तीच, लेबल तेच, अक्षर तुमचंच. फक्त आत मिरची घालू नका. टोमॅटो, रंगाला थोडं बीट, वासाला थोडा व्हिनेगर. तुम्ही आयुष्यभर छटा जुळवल्या आहेत, तुम्हाला हे डाव्या हाताचं काम. दोघांचीही सुटका होईल आणि टेबल मोडणार नाही. हिला यातलं चकार शब्दाने कळू देऊ नका.

ता. क. ३ – एका डोळ्याने जिना उतरता येत नाही, म्हणून पत्र टपालात टाकायला हिच्याकडेच देतो आहे. तुमच्या गुडघ्याविषयी आहे असं सांगितलं आहे. विचारलं तर गुडघ्याचंच सांगा.

*

दादा, गुडघ्याबद्दल इतकी पानं कोण लिहितं? आणि पाकीट चिकटवायलाही विसरले, म्हणून वाचलं. तू टोमॅटो घालायची तसदी घेऊ नकोस. माझी चव परत आली त्याच आठवड्यात मी 'जपून'ची बाटली अर्धी ओतून टोमॅटोने भरली. मलाही तो जाळ नको झाला होता, आणि हे रोज सकाळी चोरून भरून नेत होते, त्यांची जीभ बघवत नव्हती. आता तर निम्म्याहून जास्त टोमॅटोच असतो. तेव्हा तू नेहमीचाच माल पाठव, बाकी इकडे मी बघते. त्या न्यायाधीशांच्या मंडळात मात्र यांना घेऊ नका म्हणून तूच दोन ओळी लिही.

माझी चव आल्याचं यांना कळलंय हे मला कळलंय, हे यांना कळवू नकोस. लग्नाला तीस वर्षं झाली, दादा. जेवण कसं लागतंय, हे यांनी आत्ता कुठे विचारायला सुरुवात केली आहे. अजून थोडे दिवस विचारू देत.